दीडशे गुणांची गोष्ट

१९७८ साली एका माणसाला दीडशे गुण मिळाले आणि तो जगात पहिला आला. १९७९ साली त्याच माणसाला त्याच परीक्षेत पुन्हा बरोबर दीडशेच गुण मिळाले, आणि तो पाचवा आला. मधल्या काळात तो खालावला होता म्हणावे, तर तसेही नाही. या दुसऱ्या वर्षी त्याने तेरा शर्यती जिंकल्या होत्या, आणि एका हंगामात इतक्या शर्यती त्याच्याआधी कोणत्याही पुरुषाने जिंकलेल्या नव्हत्या.

मी शाळामास्तर आहे. बेरजा करण्यात माझी निम्मी हयात गेली. गणितात शंभरपैकी शंभर आणि बाकीच्या विषयांत जेमतेम असा एक मुलगा, आणि सगळ्याच विषयांत साठ-पासष्ट मिळवणारा दुसरा मुलगा, यांत वरचा नंबर कोणाचा, हा प्रश्न दर वर्षी निकालाच्या दिवसांत शिक्षकांच्या खोलीत निघतो आणि चहा संपला तरी सुटत नाही. बेरजेचा कागद त्याचे उत्तर चटकन देतो; मन मात्र देत नाही. म्हणूनच स्वीडनच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातल्या या माणसाची हकीकत वाचली तेव्हा ती मला परकी वाटली नाही. त्याचे नाव इंगेमार स्टेनमार्क. खेळ मात्र आपल्याला पुरता परका आहे, तेव्हा आधी खेळाची ओळख करून घेतलेली बरी.

आपल्याकडे बर्फ म्हणजे लाकडाच्या भुशात गुंडाळून आणलेली लादी, नाहीतर जत्रेतला रंगीत गोळा. ज्या मुलखात सहा-सहा महिने जमीनच दिसत नाही, तिथल्या माणसांनी बर्फावरून चालण्यासाठी पायांना लांब, अरुंद फळ्या बांधण्याची युक्ती हजारो वर्षांपूर्वी काढली. त्या फळ्या म्हणजेच स्की. शिकार, सरपण, शेजारगावची सोयरीक, सगळे त्यांच्यावरूनच चाले. पुढे त्या गरजेचा खेळ झाला. नॉर्वेच्या टेलेमार्क भागातले लोक डोंगरउतारावरून वळणे घेत खाली येत, आणि त्या वाटेला त्यांच्या बोलीत ‘स्लॅलम’ म्हणत. ‘स्ला’ म्हणजे उतार आणि ‘लॉम’ म्हणजे बर्फात उमटलेली वाट. शब्द तिथला, पण त्या शब्दाला आजच्या शर्यतीचे रूप दिले ते आर्नल्ड लन नावाच्या एका इंग्रजाने. गंमत अशी, की या बर्फाच्या खेळाचा हा शास्त्रकार १८८८ साली जन्मला तो आपल्या मद्रासच्या उकाड्यात. त्याचे वडील तिथे मिशनरी होते. १९२२ साली स्वित्झर्लंडमधल्या म्यूरेन या गावी लनने उतारावर काठ्यांच्या जोड्या रोवल्या आणि सांगितले, की या प्रत्येक जोडीमधून गेले पाहिजे, आणि जो सर्वांत कमी वेळात जाईल तो जिंकला. वळणे किती डौलदार घेतली याचे गुण त्याने काढून टाकले. डौल नको, घड्याळ पाहा, असा त्याचा रोखठोक नियम होता.

त्या काठ्यांच्या जोडीला ‘दार’ म्हणू. पुरुषांच्या स्लॅलममध्ये अशी साधारण पन्नासपासून पंचाहत्तरपर्यंत दारे असतात. खेळाडू ती सगळी पार करून एका मिनिटाच्या आत-बाहेर खाली पोचतो. खो-खोत एकेरी साखळी खेळणारा पळणारा गडी बसलेल्या प्रत्येक गड्याला डावी-उजवी बगल देत जातो, तो डोळ्यांसमोर आणा. मात्र पायाखाली मातीऐवजी घट्ट गोठलेला, काचेसारखा बर्फ, आणि मैदान सपाट नसून घराच्या कौलांसारखे उतरते. एकच दार चुकले की खेळ खलास. शर्यत दोन फेऱ्यांची. दुसऱ्या फेरीसाठी दारांची मांडणी नव्याने करतात. शर्यतीआधी उतार पायाखालून घालून पाहायला मुभा असते, पण त्या मांडणीवरून घसरून सराव करायला नसते. म्हणजे पाठांतर डोळ्यांनी करायचे आणि परीक्षा पायांनी द्यायची.

याच जातीची दुसरी शर्यत म्हणजे जायंट स्लॅलम. तिच्यात दारे एकमेकांपासून दूर आणि वेग अधिक. तिसरी डाउनहिल; ती मात्र वेगळ्याच कुळातली. तिच्यात वळणे थोडी, आणि ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने डोंगर उतरून जायचे. तिथे पाय घसरला तर नुसती हार होत नाही, हाडे मोडतात. प्रसंगी जीवही जातो. या तिन्ही शर्यती एकाच खेळाच्या म्हणून मोजल्या जातात, पण धनुर्विद्या आणि गदायुद्ध यांत जेवढे अंतर, तेवढे स्लॅलम आणि डाउनहिल यांत आहे.

आता माणसाकडे वळू. स्टेनमार्क १८ मार्च १९५६ रोजी लॅपलँडमध्ये जन्मला. तो वाढला टॅर्नाबी नावाच्या खेड्यात. हे गाव आर्क्टिक वर्तुळापासून फार दूर नाही, आणि वस्ती काही शेकड्यांची. आपल्याकडे एखाद्या तालमीतून पिढ्यान् पिढ्या मल्ल निघावेत तसे या चिमुकल्या गावातून बर्फावरचे खेळाडू निघाले. स्टिग स्ट्रांड हा स्टेनमार्कच्याच वयाचा, त्याचा बाळपणीचा सवंगडी. तोही पुढे जागतिक शर्यतींत उतरला. एका पिढीनंतर आन्या पेर्सन ही ऑलिंपिक विजेती त्याच गावातून आली. अशा ठिकाणी मुलगा चालायला लागला की स्कीवर चढतो, त्यात नवल नाही. नवल एवढेच, की हा मुलगा बोलायचा फार कमी. मोठेपणीही तो तसाच राहिला. वार्ताहरांनी लांबलचक प्रश्न विचारावा आणि त्याने दोन शब्दांत तो संपवावा, असे पुढे इतक्यांदा झाले, की त्याचे मौन हाच स्वीडनमध्ये कौतुकाचा विषय झाला.

त्याला घडवणारा शिक्षक इटलीतल्या दक्षिण टिरोलचा, हेरमान नोग्लर. स्की मिळाल्या युगोस्लाव्हियातल्या स्लोव्हेनियाच्या एलान या कारखान्याच्या. आल्प्समधल्या श्रीमंत देशांच्या नामांकित स्की सोडून त्याने त्या धरल्या आणि अखेरपर्यंत सोडल्या नाहीत. शरीराचा तोल साधावा म्हणून तो ताणलेल्या दोरीवर चालण्याचा सराव करी, एका चाकाची सायकल चालवी. डोंबाऱ्याच्या या कसरती त्याच्या फार उपयोगी पडल्या. त्याची शर्यत पाहणारे सांगतात, की कमरेवरचा देह जणू स्वस्थ बसलेला असे, आणि कमरेखालचे पाय काय ते सगळे बोलत. इतर जण वळणावर बर्फ खरवडत, फवारे उडवत जात. हा फळीच्या पोलादी कडेवर भार टाकून वळण कातरून घेई. बर्फ जितका कमी उडे, तितका वेग कमी वाया जाई.

डिसेंबर १९७३मध्ये सतराव्या वर्षी तो जागतिक चषकाच्या शर्यतींत उतरला. वर्षभरानंतर, १७ डिसेंबर १९७४ रोजी, इटलीतल्या मॅडोना दि कॅम्पिलिओ येथे त्याने पहिली स्लॅलम जिंकली. त्याच हंगामाच्या शेवटी तर एक नाट्यच घडले. अखेरच्या शर्यतीपूर्वी तिघांचे गुण सारखे झाले होते. एक इटलीचा गुस्ताव थोनी, दुसरा ऑस्ट्रियाचा डाउनहिलचा राजा फ्रांझ क्लामर, आणि तिसरा हा एकोणीस वर्षांचा पोरगा. मार्च १९७५मध्ये व्हाल गार्डेना येथे दोघादोघांना शेजारच्या वाटांवरून एकाच वेळी सोडण्याची शर्यत ठेवली होती. क्लामर लवकरच बाद झाला. अंतिम फेरीत थोनीने आपल्या माणसांसमोर, आपल्या डोंगरात, स्टेनमार्कला हरवले. पण पुढची तीन वर्षे, १९७६, १९७७ आणि १९७८, जागतिक चषक स्टेनमार्कच्याच हाती राहिला. १९७८ साली गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत स्लॅलम आणि जायंट स्लॅलम ही दोन्ही सुवर्णपदके त्याने घेतली.

हा जागतिक चषक म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे, कारण आपल्या दीडशे गुणांची मेख तिथेच आहे. १९६७ साली ही योजना सुरू झाली. ऑलिंपिक चार वर्षांतून एकदा येते, आणि एका दिवसाच्या नशिबावर सारे ठरते. त्यापेक्षा सबंध हिवाळाभर निरनिराळ्या डोंगरांवर शर्यती घ्याव्यात, प्रत्येकीला गुण द्यावेत, आणि शेवटी बेरीज करावी, अशी ती कल्पना. कल्पना उत्तम होती. पहिल्या येणाऱ्याला पंचवीस गुण, दुसऱ्याला वीस, तिसऱ्याला पंधरा, असा हिशेब. पण प्रत्येक प्रकारातले सगळेच गुण धरीत नसत. ठरावीक चांगल्या निकालांचेच धरीत. १९७८ साली प्रत्येक प्रकारातले सर्वोत्तम तीन निकाल धरले जात होते. स्टेनमार्क दोनच प्रकार खेळे. तीन स्लॅलमचे पंचाहत्तर आणि तीन जायंट स्लॅलमचे पंचाहत्तर, मिळून दीडशे. याहून अधिक गुण त्याला मिळणेच शक्य नव्हते. तिन्ही विषयांचे पेपर देणाऱ्या इतरांना तेवढेही जमले नाहीत, म्हणून दोन विषयांचा हा विद्यार्थी पहिला आला.

आणि इथेच अनेकांच्या कपाळाला आठी पडली. डाउनहिलच्या वाटेला न जाता कोणी या खेळाचा राजा कसा होतो? पुढच्या हंगामासाठी हिशेबाची रीत बदलली. एकाच ठिकाणच्या डाउनहिल आणि स्लॅलम यांचा मिळून जो संयुक्त निकाल लागतो, त्याचे गुण बेरजेत मोलाचे ठरले. हा बदल स्टेनमार्कला खाली ओढण्यासाठीच केला असे तेव्हाही बोलले गेले आणि अजूनही बोलले जाते. हेतू काहीही असो, फळ उघड होते. १९७९च्या हंगामात जायंट स्लॅलमच्या दहा शर्यती झाल्या, आणि दहाच्या दहा त्याने जिंकल्या. शिवाय स्लॅलमच्या तीन. फेब्रुवारीत चेकोस्लोव्हाकियातल्या यास्ना येथे तर त्याने दुसऱ्या आलेल्या बोयान क्रिझायला ४.०६ सेकंदांनी मागे टाकले. ज्या खेळात पहिल्या-दुसऱ्याचे अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजतात, तिथे चार सेकंद म्हणजे दोघे निराळ्या दिवशी धावल्यासारखेच. पण बेरीज पुन्हा दीडशेवरच अडली. तेरा विजयांपैकी सहांचेच गुण धरायचे होते. उरलेले सात कागदावरून विरून गेले. चषक स्वित्झर्लंडच्या पीटर ल्यूशरला मिळाला. अनेक प्रकारांतून गुण वेचणारा तो कसलेला खेळाडू होता. स्टेनमार्क पाचवा.

आता न्यायाने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नियम करणारे काही वेडे नव्हते. खेळाचे नावच मुळी डोंगरावरचे स्की असे आहे. जो माणूस डोंगराचा सर्वांत भयंकर उतार टाळतो, त्याला डोंगराचा स्वामी कसे म्हणावे? क्लामरसारखे लोक जिवावर उदार होऊन डाउनहिलमध्ये उतरत होते. त्यांच्या धाडसाला बेरजेत स्थान हवेच. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही भूगोलाचे गुरुजी हेच म्हणतात: नुसत्या गणितावर पहिला नंबर दिला, तर उद्या मुले भूगोल उघडणार नाहीत. हा मुद्दा मला कधी पुरता खोडता आलेला नाही.

पण त्याला दुसरा एक मुद्दा जोडावासा वाटतो. सर्वांगीणपणा ही फार मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. परंतु एकाच गोष्टीच्या तळापर्यंत जाऊन आलेला माणूस तिच्याविषयी जगाला काही नवे शिकवतो. स्टेनमार्कनंतर वळण कसे घ्यावे याची कल्पनाच बदलली. त्याच्या चित्रफिती लावून शिक्षकांनी पोरांना वळणे शिकवली. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी आपली म्हण आहे. तिच्यात चिंध्यांचा उपहास आहे, तसा एका धड वस्त्राचा मानही आहे. बेरजेच्या कागदाला हा मान मोजायची सोय नसते.

बदललेल्या नियमांपुढे या अबोल माणसाने काय केले? ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण नेहमी न नाचणाऱ्यासाठी वापरतो. इथे अंगण खरोखरच वाकडे झाले होते. तरी त्याने त्याचा डांगोरा पिटला नाही. तो डाउनहिल शिकायला गेला. सप्टेंबर १९७९मध्ये इटलीतल्या व्हाल सेनालेस येथे डाउनहिलचा सराव करताना तो भयंकर पडला. डोक्याला जबर मार बसून तो बेशुद्ध झाला, आणि पुन्हा बर्फावर उभा राहील की नाही याची शंका वाटू लागली.

त्यानंतर पाचच महिन्यांनी, फेब्रुवारी १९८०मध्ये, अमेरिकेत लेक प्लॅसिड येथे ऑलिंपिक भरले. चार वर्षांपूर्वी इन्सब्रुकच्या ऑलिंपिकमध्ये स्टेनमार्कला जायंट स्लॅलमचे कांस्यपदक मिळाले होते, आणि स्लॅलम त्याला पुरी करता आली नव्हती. त्यामुळे ‘जागतिक चषकातला वाघ, ऑलिंपिकमध्ये शेळी’ अशी कुजबूज होतीच. जायंट स्लॅलमच्या पहिल्या फेरीनंतर तो तिसरा होता. दुसऱ्या फेरीत सगळ्यांना मागे टाकून तो पाऊण सेकंदाने जिंकला. स्लॅलममध्ये पहिल्या फेरीनंतर तो चौथा होता. पहिला होता अमेरिकेचा फिल मेर. या मेरचा घोटा आदल्याच वर्षी याच डोंगरावर मोडला होता. पायात धातूची पट्टी आणि स्क्रू घेऊन तो उतरला होता. म्हणजे डोक्याला मार बसलेला एक आणि पाय जोडलेला दुसरा, असा तो सामना. दुसऱ्या फेरीत स्टेनमार्कने पुन्हा सगळी पिछाडी भरून काढली. अखेरचा हिशेब असा: स्टेनमार्क १ मिनिट ४४.२६ सेकंद, मेर १ मिनिट ४४.७६ सेकंद. अंतर अर्ध्या सेकंदाचे. आठवडाभरात दोन सुवर्णपदके.

पहिल्या फेरीत थोडे मागे राहून दुसरीत सगळ्यांना गाठायचे, ही त्याची जुनीच खोड. काहींना वाटे, तो मुद्दाम करतो. मला वाटते, त्यात स्वभावाचा भाग असावा. काही मुलांना पहिला पेपर नेहमी जडच जातो. दुसऱ्या दिवशी बाकाची, खिडकीची, पर्यवेक्षकाच्या बुटांच्या आवाजाची सवय झाली, की मग त्यांचा हात चालू लागतो.

डाउनहिलचा पिच्छा मात्र सुटला नव्हता. १९८१च्या हंगामात जागतिक चषकासाठी त्याची आणि मेरची चुरस लागली होती. संयुक्त शर्यतीचे गुण हवे होते, आणि ते डाउनहिल केल्याशिवाय मिळत नव्हते. तेव्हा जानेवारी १९८१मध्ये स्टेनमार्क ऑस्ट्रियात किट्सब्यूलच्या डाउनहिलला उतरला. साऱ्या जगात या उतारासारखा क्रूर उतार नाही असे म्हणतात. पडून मरता मरता वाचलेला माणूस अवघ्या सव्वा वर्षाने त्या डोंगराच्या माथ्यावर उभा राहिला, आणि जपून, सावरून, शेवटपर्यंत उभाच राहून खाली आला. नंबर लागला चौतिसावा. स्लॅलमच्या बादशहाने चौतिसाव्या नंबरासाठी जीव धोक्यात घातला, कारण कागदावरच्या बेरजेची तशी मागणी होती! इतके करूनही त्या वर्षी चषक मेरकडेच गेला. मेरचे गुण २६६, स्टेनमार्कचे २६०. सहा गुण कमी पडले. जागतिक चषकाची डाउनहिल त्यानंतर तो पुन्हा कधी उतरला नाही. ‘बस, एवढे पुरे,’ असे त्याने मनाशी म्हटले असावे. निदान मी त्याच्या जागी असतो तर म्हटले असते.

दुसरा फटका बसला तो पैशाच्या नियमाचा. ऑलिंपिक हे हौशी खेळाडूंचे, पैसा घेणाऱ्याला तिथे दार बंद, असा जुना दंडक होता. प्रत्यक्षात स्कीचे कारखाने पैसे देत, आणि ते देशोदेशींच्या संघटनांमार्फत खेळाडूंपर्यंत पोचत. सारे जाणत, आणि सारे दुसरीकडे पाहत. मग आंतरराष्ट्रीय स्की संघटनेनेच एक परवाना काढला: खेळाडूने उघडपणे, स्वतःच्या नावावर पैसे घ्यावेत. स्टेनमार्कने तो घेतला. ऑलिंपिक समितीला हा परवाना मान्य नव्हता. परिणामी १९८४ साली सारायेव्होच्या ऑलिंपिकमध्ये त्याला प्रवेश मिळाला नाही. लेक प्लॅसिडला दोन सुवर्णपदके मिळवणारी लिक्टेनश्टाइनची हान्नी वेंझेल हिलाही त्याच कारणाने घरी बसावे लागले. त्या हंगामात जायंट स्लॅलमचा जागतिक चषक स्टेनमार्कनेच जिंकला, हे ध्यानात घेतले म्हणजे सारायेव्होत काय हुकले ते कळते. आडून घेणाऱ्याला मुभा आणि उजळ माथ्याने घेणाऱ्याला बंदी, असा हा न्याय. चार वर्षांनी दंडक सैल झाला, आणि १९८८ साली कॅल्गरीला तो पुन्हा उतरला. तेव्हा तो बत्तिशीला टेकला होता. स्लॅलममध्ये तो पाचवा आला. सुवर्णपदक इटलीच्या आल्बेर्टो टोम्बा या बाविशीतल्या पोराने नेले.

तिसरा बदल सर्वांत साधा, आणि माझ्या मते सर्वांत जिव्हारी लागणारा. तो बांबूचा. पूर्वी दारांच्या काठ्या बांबूच्या असत. बांबूला अंग लागले तर बांबू मागे हटत नाही. म्हणून त्याला बगल देऊन, अगदी जवळून पण न शिवता जाणे हीच कला होती. तिच्यात स्टेनमार्कचा हात कोणी धरला नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बुडाशी स्प्रिंग असलेल्या, धक्का लागताच आडव्या होणाऱ्या काठ्या आल्या. आता दाराला बगल द्यायची गरजच उरली नाही. पाय दारापलीकडून गेले की झाले. अंगाने काठी उडवून सरळ घुसावे. ऑस्ट्रियात जन्मलेला आणि लक्झेंबर्गसाठी खेळणारा मार्क गिरार्डेली आणि त्याच्या पिढीचे तरुण हे तंत्र पटकन शिकले. नडग्यांवर, मनगटांवर चिलखते बांधून ते काठ्यांना झोडपीत खाली येऊ लागले. नृत्याची जागा कुस्तीने घेतली. स्टेनमार्कने हेही शिकून पाहिले, पण ज्या बारीक कसबात त्याने दहा वर्षे घालवली होती, ते आता कोणाला लागतच नव्हते. आपल्याकडे यंत्रमाग आल्यावर हातमागाच्या कारागिराचे जे झाले, तेच. कसब गेले नव्हते. गिऱ्हाईक गेले होते.

तरी १९८३ साली स्लॅलमचा चषक त्यानेच घेतला, तो आठवा. त्या वर्षी त्याच्या बरोबरीने गुण कोणाला मिळाले असतील? त्याच टॅर्नाबीच्या, त्याच वयाच्या स्टिग स्ट्रांडला! दोघांचेही गुण ११०. विजयांची संख्या अधिक म्हणून चषक स्टेनमार्ककडे गेला. शेकड्यांनी माणसे मोजावीत अशा एका गावातले दोन सवंगडी साऱ्या जगाच्या माथ्यावर सारख्याच गुणांनी बसले. बेरजेच्या कागदाने एकदा तरी अशी गोड गंमत केली, म्हणून त्याच्यावरचा माझा राग थोडा कमी होतो.

त्याचा शेवटचा विजय फेब्रुवारी १९८९मध्ये अमेरिकेतल्या ॲस्पेन येथे, जायंट स्लॅलममध्ये. तो शहाऐंशीवा. जायंट स्लॅलमचे सेहेचाळीस आणि स्लॅलमचे चाळीस. डाउनहिलचे शून्य. त्याच वर्षी तो थांबला.

स्वीडनने त्याला काय मानले, हे वेगळे सांगायला नको. त्याच्याच वर्षी, १९५६ साली, जन्मलेला टेनिसपटू ब्यॉर्न बोर्ग त्याच काळात विम्बल्डन गाजवीत होता. तोही अबोलच. एकाच देशातल्या, एकाच वयाच्या, दोन मुक्या माणसांनी त्या देशाला जगभर गाजवावे हा योग विलक्षण. स्टेनमार्कची दुसरी फेरी असली म्हणजे कचेऱ्यांत काम थांबे, शाळांतून मुलांना दूरचित्रवाणीपुढे बसवीत. मास्तर या नात्याने मला हे वर्ग फार आवडले असते. घड्याळाचा काटा, पन्नास-साठ दारे आणि एक सावध माणूस. तास संपायच्या आत धडा संपतो, आणि निकाल तिथेच लागतो.

शहाऐंशी हा आकडा चौतीस वर्षे उभा राहिला. पुरुषांत अजूनही त्याच्या जवळ कोणी गेलेले नाही. ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शर सदुसष्टांवर थांबला. स्टेनमार्कचा आकडा ओलांडला तो एका तरुणीने. ११ मार्च २०२३ रोजी स्वीडनमधल्याच ओरे येथे, स्लॅलमच्याच शर्यतीत, अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने सत्त्याऐंशीवा विजय मिळवला. पुढे २०२५च्या फेब्रुवारीत तिने शंभरीही गाठली. आणि ही शिफ्रिन कशी? स्लॅलम, जायंट स्लॅलम, डाउनहिल, सगळ्या प्रकारांत जिंकलेली. म्हणजे १९७९ साली नियम करणाऱ्यांच्या मनात जो आदर्श खेळाडू होता, तोच चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी अवतरला.

तिचा विक्रम जवळ आला तेव्हा लोक अर्थातच स्टेनमार्ककडे गेले. तोवर तो साठी ओलांडून गेला होता. त्याने नेहमीप्रमाणे थोडक्यात सांगितले, की ती आपल्यापेक्षा सरस आहे, आणि सगळ्या प्रकारांत इतके चांगले होणे आपल्याला कधीच जमले नसते. कुठे आढेवेढे नाहीत, नियमांची आठवण नाही, किट्सब्यूलचा किंवा सारायेव्होचा उल्लेख नाही. आपल्याला काय येत होते आणि काय येत नव्हते, हे त्याला नेमके ठाऊक होते. पन्नास वर्षे शिकवूनही हे ज्ञान आम्ही मुलांना देऊ शकत नाही. आम्हा मास्तरांनाही ते असतेच असे नाही.

म्हणून पुढच्या निकालाच्या दिवसांत शिक्षकांच्या खोलीत तो जुना वाद निघेल, तेव्हा मी भूगोलाच्या गुरुजींशी भांडणार नाही. बेरीज त्यांच्या म्हणण्याप्रमाणेच होऊ द्यावी. नंबर लावायचा तर बेरीज लागतेच, आणि तिचा नियम सगळ्यांना एकच हवा. मात्र त्या गणिताच्या पोराला मी बाजूला घेऊन सांगेन, की बाबा, एकदा एका माणसाने दहापैकी दहा शर्यती जिंकल्या होत्या, आणि त्या वर्षी तो पाचवा आला होता. पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा डोंगरावर गेला, आणि त्याने आपले वळण आधीच्यापेक्षाही बारीक कातरले.